आंबोलीचं निसर्गशिबिर: फॉर्म भरण्यापासून बूट वाळेपर्यंत

मार्चच्या पहिल्या आठवड्यात कॉलेजच्या एनएसएसच्या (राष्ट्रीय सेवा योजनेच्या) ग्रुपवर एक पोस्टर आलं. आंबोली, १८ ते २४ मे २०२५, निसर्ग आणि पर्यावरण अभ्यास शिबिर, वयोगट १६ ते २२, जागा २४, शुल्क ७,५०० रुपये. तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'विज्ञान शाखेची अट नाही'. तेवढी एक ओळ नसती तर मी पुढे सरकले असते. मी सोलापूरची, बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. नान्नजचं माळढोक अभयारण्य आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर, तिथंही मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. चिमणी, कावळा, साळुंकी, पारवा यापलीकडे पक्षी ओळखता येत नव्हते.

जाऊन आल्यापासून ज्युनिअर मुली तेच तेच प्रश्न विचारतायत. घरचे सोडतात का, टॉयलेट कसं असतं, पाळी आली तर काय, साप. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

अर्जाची मुदत ३१ मार्च होती. गुगल फॉर्म पाच मिनिटांत भरून झाला, पण त्याला हाताने लिहिलेलं एक पान जोडायचं होतं. घराजवळच्या एका झाडाबद्दल किंवा पाणवठ्याबद्दल, स्वतः पाहिलेलं. नेटवरची माहिती चालणार नाही, असं ठळक अक्षरात. मी आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाबद्दल लिहिलं. महापालिकेची माणसं तारांसाठी त्याची एकच बाजू छाटतात, त्यामुळे झाड कललंय आणि सावली शेजाऱ्यांच्या दारात पडते. त्यावरून आमच्यात आणि त्यांच्यात गाडी लावायची भांडणं. एवढंच लिहिलं होतं. एप्रिलच्या मध्यावर फोन आला तेव्हा पलीकडच्या ताईने आधी त्या भांडणाचंच विचारलं. मग अंधाराची भीती वाटते का, टॉर्च बंद करून अर्धा तास गप्प बसता येईल का, आणि घरी कोणाची परवानगी अजून बाकी आहे, हे तीन प्रश्न. शेवटचा प्रश्न बरोब्बर होता. बाबांची बाकी होती.

निवडीचा मेल २१ एप्रिलला आला. पाच दिवसांत निम्मे पैसे, उरलेले ५ मेपर्यंत, आणि ५ मेनंतर रद्द केलं तर काहीही परत नाही. बाबांचं म्हणणं सरळ होतं, "मे महिन्यात लोक पंख्याखालून हलत नाहीत, आणि तू पैसे भरून जंगलात जाणार?" आईची काळजी वेगळी, मुली किती आणि रात्री कुठं झोपणार. मी वाद घातला नाही. शिबिर घेणाऱ्या संस्थेला फोन करून पालकांसाठी व्हिडिओ कॉल ठेवतात का ते विचारलं. ठेवत होते, फक्त पोस्टरवर लिहिलेलं नव्हतं. त्या कॉलवर बाबांनी तीन गोष्टी विचारल्या: वनविभागाची परवानगी आहे का, जवळचं हॉस्पिटल किती लांब, गाडी रात्रभर उभी असते का. परवानगीचं पत्र त्यांनी स्क्रीनवर दाखवलं, सावंतवाडी साधारण तीस किलोमीटर, आणि गाडी ड्रायव्हरसकट मुक्कामाला. बाबा हो म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पैसे भरले. आमच्या घरात यालाच होकार म्हणतात. तुमच्या घरी अडत असेल तर स्वतः समजावत बसू नका, कॉल मागा.

आता कागद. आधारची झेरॉक्स, दोन फोटो, रक्तगट, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट (एमबीबीएसच हवेत, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह), धनुर्वाताचं इंजेक्शन घेतल्याची नोंद, ॲलर्जीची माहिती आणि पालकांचं संमतिपत्र. वय अठराच्या वर असलं तरी संमतिपत्र लागतंच. ते स्टॅम्पपेपरवर असावं असं बाबांनी स्वतःच ठरवलं आणि मला कोर्टाजवळ पाठवलं. तिथला विक्रेता म्हणाला, शंभरचा आता बंद, पाचशेचा घ्यावा लागेल. पाचशे ऐकून मी बाहेर येऊन आधी संस्थेला मेसेज टाकला. साधा कागद आणि दोन्ही पालकांच्या सह्या पुरे, असं उत्तर दहा मिनिटांत आलं. डॉक्टरांनी सर्टिफिकेट आणि इंजेक्शनचे मिळून ३०० घेतले. सही करताना म्हणाले, "फिट आहेस, पण सवयीने जिने चढायला लाग." त्यांचं ऐकून रोज संध्याकाळी कॉलेजचे चार मजले चढले. हा सल्ला यादीत असायला हवा होता.

सामानाच्या यादीत घोट्यापर्यंतचे बूट होते (१,४०० रुपये), डोक्याला लावायचा टॉर्च (४५०), फुल बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे, लांब मोजे, पेन्सिली. रेनकोटपुढे 'ऐच्छिक' लिहिलेलं. १५ मेला ग्रुपवर मेसेज पडला की हवामान खात्याचे अंदाज बदलतायत, रेनकोट आता सक्तीचा, आणि प्लास्टिकच्या मोठ्या पिशव्या, कपड्यांचा एक जादा जोड आणा. त्या दिवशी सोलापुरात अंगाची लाही होत होती. नवी पेठेत तीन दुकानदारांनी मला वेड्यात काढलं. चौथ्याने माळ्यावरून मागच्या वर्षीचा माल उतरवला, ६५० रुपये. धूळ झटकून घेतला.

शनिवारी १७ तारखेला रात्रीच्या एसटीने निघाले. कोल्हापूरपर्यंत बाबा सोबत होते, "मला तसंही अंबाबाईचं दर्शन घ्यायचं होतं" म्हणून. पहाटे मध्यवर्ती बसस्थानकावर चहा घेतला, सावंतवाडीच्या गाडीत त्यांनी मला बसवलं आणि कंडक्टरला दोनदा सांगितलं, आंबोलीला उतरवा. निपाणी, उत्तूर, आजरा. बायकांना एसटीत अर्धं तिकीट असल्याने येण्याजाण्याचा सगळा खर्च आठशेच्या आत बसला. आजऱ्यानंतर झाडं रस्त्यावर वाकायला लागली आणि खिडकीतून पहिल्यांदा गार वारा आला, तेव्हा मी स्वेटर वरच्या कप्प्यातल्या बॅगेत असल्याबद्दल हळहळले.

मुक्काम एका जुन्या बंगल्यात होता. मुलींसाठी एक लांबट हॉल, जमिनीवर गाद्या, दोन संडास, दोन न्हाणीघरं, मागे बंब. आंघोळीला एक बादली, नंबर लावून. संडास भारतीय पद्धतीचे, स्वच्छ, पण कडी एकाचीच नीट लागायची. दुसऱ्यात जाताना बाहेर मैत्रीण उभी करायची. पहिल्याच दुपारी सगळ्यांचे मोबाइल एका पत्र्याच्या पेटीत गेले. रोज संध्याकाळी सातला पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज आणि एक फोटो जाणार, बाकी संपर्क नाही. तसंही बंगल्यावर रेंज नव्हती. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आठ वाजता ताईच्या फोनवर रांग लागते. आमच्याकडे पहिल्या रात्री लागली होती.

मग वह्या वाटल्या. डाव्या पानावर तारीख, वेळ, जागा, आकाश, आणि जे दिसलं ते. उजव्या पानावर जे वाटलं ते. दोन्हींची सरमिसळ करायची नाही. शाईचं पेन बंद, पावसात पान वाहून जातं. नाव येत नसेल तर नाव लिहायचंच नाही, आकार, रंग, आवाज, काय करत होता ते लिहायचं. पक्षीओळख येणाऱ्या मुलांची यात पंचाईत झाली, कारण ती नाव लिहून मोकळी व्हायची आणि शिबिर घेणारा दादा विचारायचा, "शेपटी कशी हलवत होता?" मला नावं येतच नव्हती, त्यामुळे माझी पानं भरायची.

पहिल्या संध्याकाळचं सत्र सापांवर होतं आणि ते आईबाबांनी ऐकायला हवं होतं असं मला वाटलं. आपल्याकडे मिळणारं सर्पदंशावरचं इंजेक्शन चार सापांच्या विषावर चालतं: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. आंबोलीच्या झाडांवर चापडे असतात, हिरवे आणि तपकिरी, तासन्‌तास एका जागी पडून राहणारे. त्यांच्या विषावर ते इंजेक्शन लागू पडत नाही. म्हणून फांदीला हात लावून तोल सावरायचा नाही, दगड उलटायचा नाही, आणि बुटात पाय घालण्याआधी बूट आपटायचा. चावलंच तर कापायचं नाही, बांधायचं नाही, पळायचं नाही, गाडीत बसायचं. आमच्याबरोबर गावातले एक काका असायचे, ते एवढंच म्हणायचे, "बघून चल गो, हयसर फुरसा असता." सदाहरित जंगलापेक्षा ते वाक्य माझ्या जास्त लक्षात राहिलंय.

सोमवारपासून रोज पहाटे साडेपाचला उठणं. उठवायला घंटा लागायची नाही. अंधार असतानाच शीळकरी कस्तूर सुरू व्हायचा, अगदी माणसाने शीळ घालावी तसा, आणि सूर धरता धरता मध्येच सोडून द्यायचा. मला पहिल्या दिवशी खरंच वाटलं की मुलांच्या खोलीतून कोणीतरी चेष्टा करतंय.

आमच्या गटाला चौकुळच्या बाजूच्या सड्यावर जागा मिळाली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. चार खिळे आणि सुतळी घेऊन एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखायचा आणि आठवडाभर रोज सकाळी त्याच चौकोनापाशी येऊन त्यात काय आहे ते लिहायचं. सोमवारी त्यात होतं: वाळलेलं गवत, काळपट पडलेला दगड, त्यावर करड्या-पिवळ्या दगडफुलाचे चट्टे, गोगलगाईचं रिकामं कवच, मुंग्यांची एक ओळ आणि मध्ये ताटलीएवढा कोरडा खळगा. वीस मिनिटांत संपलं. उरलेला तास काय करायचं? "बस," दादा म्हणाला. टोपी घालून आम्ही चौघं बसलो. आमच्यातल्या एकाने सरळ सांगितलं की साडेसात हजार देऊन दगड बघायला आलो नव्हतो. मलाही तसंच वाटत होतं, मी फक्त बोलले नाही.

त्या रात्री निळसर जांभळ्या उजेडाचा टॉर्च घेऊन एका जांभ्याच्या गडग्याशी, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाशी, गेलो. साध्या टॉर्चमध्ये नुसता दगड. तो टॉर्च लावला की फटीफटीतून हिरवट निळे विंचू चमकायला लागले. जिथं दुपारी मी हात टेकवून पाणी प्यायले होते तिथं दोन. ज्यांना घरी हे सांगायचं असेल त्यांनी परत आल्यावर सांगावं.

मंगळवारी दुपारपासून आभाळ भरत गेलं आणि रात्री जो पाऊस लागला तो पुढे थांबून थांबून आमच्या शिबिराचा मालकच झाला. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हे पुस्तकी वाक्य होतं. आम्ही मे महिन्यात आलोय आणि वेळापत्रक उन्हाळ्याचं आहे, हे पावसाला कोणी सांगितलं नव्हतं. वीज गेली. आमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात गळायला लागलं, गाद्या सरकवून सगळ्या एका बाजूला झोपलो. महादेवगडाचा ट्रेक रद्द झाला, घाटात दरडींची भीती म्हणून खाली उतरायचा कार्यक्रमही गेला. दोन पालकांनी मुलांना परत पाठवा म्हणून फोन केले. संयोजकांनी बुधवारी सकाळी सगळ्यांना बसवून सरळ विचारलं, कोणाला जायचं असेल तर सावंतवाडीपर्यंत सोडतो. एक मुलगा गेला. मी गेले नाही त्यात शौर्य काही नव्हतं, ओल्या बॅगा घेऊन एकटीने तीन गाड्या बदलायचा मला कंटाळा आला होता.

बुधवारीच माझी पाळी आली. हे स्पष्ट लिहिते कारण कोणी लिहीत नाही. ताईला सांगितलं. तिने पहिल्याच दिवशी मुलींना वेगळं बसवून सांगून ठेवलं होतं, त्यामुळे संकोच वाटला नाही. न्हाणीघरात झाकणाची वेगळी बादली आणि वर्तमानपत्राचे तुकडे होते, ती बादली गाडीने सावंतवाडीला जायची. जंगलात काहीही टाकायचं नाही. सकाळच्या फेरीला यायचं की नाही ते माझ्यावर सोडलं, मी गेले, रात्रीची चुकवली. स्वतःचा पुरेसा साठा न्या, गावात हवा तो प्रकार मिळेलच असं नाही. गडद रंगाच्या पँट आणि चेन लागणाऱ्या दोन-तीन पिशव्याही ठेवा. ओल्या कपड्यात दिवसभर राहू नका, जांघा सोलवटतात. खोबरेल तेलाची छोटी बाटली यादीत नव्हती, पण सगळ्यात जास्त तीच फिरली.

जळवासुद्धा आल्या. बूट, मोजे, पँट मोज्यात खोचलेली, तरी संध्याकाळी मोजा काढला की एक निघायचीच. ओढायची नाही, नखाने हळूच कडेने सोडवायची. दुखत नाही, रक्त मात्र बराच वेळ येत राहतं आणि नंतर चांगलीच खाज सुटते.

आणि चौकोन. बुधवारी सकाळी गेलो तेव्हा खळग्यात बोटभर पाणी होतं. दगडफूल फुगून मऊ झालेलं. गुरुवारी गवताच्या बुडाशी सुईच्या टोकाएवढे हिरवे कोंब, सुतळीखालून चाललेला एक खेकडा, आणि मुंग्यांची ओळ अख्खी दुसरीकडून. मी त्या दिवशी दोन पानं लिहिली, आणि "दगड बघायला आलो नव्हतो" म्हणणारा पट्टी घेऊन कोंब मोजत होता. दर पाच मिनिटांनी पाऊस यायचा, रेनकोटच्या आत वही धरून लिहायचं. पेन्सिल का सांगितली होती ते कळलं.

गुरुवारी रात्री पुन्हा तिथंच गेलो, काका पुढे, दादा मागे, एकामागून एक. सड्यावर पोचल्यावर सगळे टॉर्च बंद. फोनवर विचारलेला तो अर्धा तास हाच. पहिली पाच मिनिटं मला माझ्याच श्वासाखेरीज काही ऐकू येत नव्हतं आणि डोक्यात फक्त फुरसं. मग हळूहळू आवाज वेगळे व्हायला लागले, हा जवळचा, तो लांबचा, तो पाण्यातला. एक आवाज बारीक, करकरीत, दगडातूनच येतोय असा. टॉर्च लावले तर आमच्या खळग्यापासून हातभर अंतरावर, दुसऱ्या उथळ डबक्याच्या काठावर अंगठ्याच्या पेराएवढा एक जीव बसलेला, मातकट अंगावर पिवळे पट्टे. आंबोली टोड. त्याचं शास्त्रीय वर्णन २००९ मध्ये झालं, शास्त्रीय नावातच वाघ आहे तो या पट्ट्यांमुळे. आंबोलीच्या आसपासच्या सड्यांवरच तो सापडतो आणि अतिसंकटग्रस्त गणला जातो. अंडी घालायला त्याला हेच बोटभर पाणी लागतं, जे उन्हाने चार दिवसांत आटूही शकतं. कॅमेऱ्याचा फ्लॅश मारायचा नाही, टॉर्च थेट डोळ्यांवर धरायचा नाही. आम्ही दोन मिनिटं पाहिला आणि मागे सरलो. परतताना दर पावलाला खाली बघत चाललो, कारण आता पाय कुठं पडतोय ही काळजी फुरशासाठी नव्हती.

शुक्रवारचं काम मला सगळ्यात जड गेलं. पहाटे सहाला गावाबाहेरच्या रस्त्यावर एक किलोमीटरचा पट्टा ठरवून रात्रीत गाड्यांखाली आलेले जीव मोजायचे. चकाकणारी जॅकेटं, एका बाजूने ओळीत, पुढे-मागे लाल झेंडा घेऊन एकेक माणूस. प्रत्येक मेलेल्या जिवाशेजारी पट्टी ठेवून फोटो, जागा, वेळ, आणि मग तो काडीने बाजूला करायचा, नाहीतर त्याला खायला आलेला पक्षीही चिरडतो. एक किलोमीटरला पावणेदोन तास लागले. बहुतेक बेडूक, चपटे झालेले, कोणता ते सांगता येऊ नये इतके. एक हरणटोळ अजून हिरवागार होता, फक्त मध्ये टायरची खूण. आम्ही वाकलेले असताना एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि आतल्याने विचारलं, "धबधबा सुरू झाला का?"

नोंदी चार जणांच्या चार पद्धतीच्या होत्या. कोणी "बेडूक २", कोणी "छोटा बेडूक, बहुतेक २". दुपारी पाऊस पडत असताना मी त्यांचा एकच तक्ता केला, रकाने पाडून, बेरजा जुळवून, शंका असलेल्या नोंदी वेगळ्या काढून. हे मला येतं. आठवड्यात पहिल्यांदाच मला काहीतरी येत होतं.

त्याच दुपारी गावातले एक शेतकरी बोलायला आले. आम्ही रोज संध्याकाळी गवे दिसावेत म्हणून धडपडत होतो. त्यांचं म्हणणं, "तुमका गवो बघूक बरो वाटता, आमका रात्रभर जागूक लागता." नुकसान झालं की अर्ज, फोटो, पंचनामा, मग भरपाईची वाट. पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पाऊस खुणा पुसून टाकतो. एका मुलीने विचारलं की मग तुम्हाला गवे नकोसे वाटतात का. ते जरा थांबून म्हणाले की गवे आधीपासून आहेत, काजूची बाग त्यांच्या वडिलांनी लावली. यावर पुढे काय बोलावं ते आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, चहा आला म्हणून बरं झालं.

जेवणाबद्दल तक्रार नाही. सकाळी घावणे आणि चटणी, दुपारी उकड्या तांदळाचा भात, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, एकदा ओल्या काजूची उसळ. सोलापूरकरांनी शेंगाचटणी न्यावी. माझा डबा दुसऱ्या दिवशी संपला.

शनिवारी सकाळी पाऊस जरा उघडला आणि निघायच्या आधी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून पाणी येतं, पुढे देवळाचं कुंड. याच पाण्यात सापडलेल्या एका छोट्या माशाची नवी जात म्हणून २०२० मध्ये नोंद झाली, त्याला नावही हिरण्यकेशीचंच दिलंय, आणि २०२१ मध्ये ही २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. कुंडात पाय घालायचा नाही. आम्ही काठावर ओणवे झालो, पण पाणी गढूळ होतं आणि मासा दिसला नाही. दादाने नकाशा उघडला. इथून निघालेली हिरण्यकेशी आजऱ्यावरून घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला. आमच्या भीमेचं पाणीही शेवटी कृष्णेतच. आणि घाटाच्या पलीकडच्या उतारावर पडलेला पाऊस थेट अरबी समुद्राकडे. येताना एसटीतून आजऱ्याला मी याच नदीवरून आले होते आणि पुलावर झोपलेली होते.

पेटीतून फोन मिळाले आणि पहिली बातमी तीच वाचली, मान्सून केरळात दाखल, नेहमीच्या १ जूनच्या आठ दिवस आधी. दुसऱ्या दिवशी तो महाराष्ट्रातही आला, तेव्हा मी घरी होते. आमच्या अंगावरचे कपडे बघता ही बातमी उशिरा आली असं सगळ्यांचं मत पडलं. परतीची गाडी रस्त्यात पडलेल्या एका झाडामुळे दीड तास उशिरा आली. परतीचा प्रवास त्याच रात्री ठेवू नका, कोल्हापुरात कोणी ओळखीचं असेल तर मुक्काम करा. माझी मावशी होती.

एकूण खर्च अकरा हजारांच्या थोडा वर गेला. बूट आतून वर्तमानपत्र कोंबून, रोज बदलून वाळवायचे. उन्हात ठेवू नका, तळवा सुटतो. माझे वाळायला आठवडा लागला, कारण सोलापुरातही पाऊस होता.

यानंतर थोडं कागदाचं राहतं. १० जूनपर्यंत वहीचे स्कॅन पाठवायचे, त्याशिवाय प्रमाणपत्र नाही. ते जुलैत आलं. कॉलेजात एनएसएसच्या तासांसाठी दिलं तर सर म्हणाले, यावर दिवस आहेत, तास नाहीत. संस्थेला पुन्हा मेल करून तासांचं वेगळं पत्र मागवावं लागलं. तुम्ही पहिल्याच मेलमध्ये दोन्ही मागा.

आणि तो गाड्यांखाली आलेल्या जिवांचा तक्ता, ठिकाणांच्या नकाशासह, आम्ही संबंधित कार्यालयाला पाठवलाय. मागणी एवढीच की पहिल्या पावसाच्या रात्री त्या किलोमीटरवर गाड्यांचा वेग कमी ठेवायला सांगणारे फलक लावावेत. पोच मिळाली, आवक क्रमांक पडला, उत्तर नाही. पुढच्या सोमवारी फोन करायचं ठरलंय, आणि फोन मी करायचा असं ग्रुपवर परस्पर ठरवून टाकलंय, कारण ऑफिसात कसं बोलायचं ते म्हणे कॉमर्सवाल्यांना येतं.